कपाटावरची इंदू

मागच्या महिन्यात सुरतेबाहेरच्या कामरेजहून फोन आला की इंदूबाई वारल्या. फोन आमच्या यांनी घेतला. मी त्या वेळी ओट्यापाशी चहा गाळत होते. यांनी फोन कानावरून जरा लांब धरला, माझ्याकडे पाहिलं आणि पलीकडच्या माणसाला म्हणाले, "नाही हो, इथेच आहे."

इंदूबाई म्हणजे मी. गेली ती द्वारका जिजी. शेवटची दोन वर्षं ती कामरेजला माझ्या नावाने राहत होती. तिथल्या घरमालकाला तिचं खरं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं. यात कुठली लबाडी नव्हती. सगळा घोटाळा माझ्या कपाटाने केला, आणि तो घोटाळा वेळीच थांबवायला जे दोन शब्द बोलायला हवे होते, ते बोलणं माझ्याकडे होतं. म्हणजे ते होणारच नव्हतं.

मला बोलायची भीती वाटते. चौथीपर्यंत शिकले, वाचता येतं, लिहिता येतं, बोलता येत नाही. शेअर रिक्षात बसले की "थांबवा" म्हणायला माझा आवाज फुटत नाही. दुसरं कोणी उतरेल तिथे मी उतरते आणि तेवढं मागे चालत येते. आमचे हे म्हणतात, तुझ्यामुळे लिंबायतच्या रिक्षावाल्यांचं काही जात नाही, तुझ्या चपलांचं जातं. म्हणून हे लिहितेय. कागदाला "थांबव" म्हणावं लागत नाही.

द्वारका जिजी इथे सुरतेत, लिंबायतला, आमच्या मागच्या गल्लीत राहायची. ती डबे करायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. लूमच्या खात्यांवर, म्हणजे कापडाच्या कारखान्यांत, काम करणारे आपल्या खानदेशातले कितीतरी पुरुष एकेका रूममध्ये दाटीवाटीने राहतात, त्यांना ती दोन वेळचं जेवण पोहोचवायची. बारीक अंग, मोठा आवाज, कपाळावर गोंदण. दार वाजवणं तिला माहीत नव्हतं. ती उंबऱ्यात येऊन उभी राहायची आणि मधूनच बोलायला सुरुवात करायची, जणू आपलं बोलणं काल अर्धवट राहिलं होतं.

डब्यांमुळे तिला एक गोष्ट सगळ्यांच्या आधी कळायची. एखाद्या रूमचा डबा बंद झाला की ती रूम रिकामी होणार. घरमालकाने अजून कोणाला सांगितलेलंही नसायचं आणि जिजी तिथे हजर. रूम तिला स्वतःला नको असायची. खाडीकाठची झोपडी तुटली म्हणून पुलाखाली चूल मांडलेलं, कुठल्यातरी दुकानाच्या फळीखाली पोरं निजवणारं एखादं कुटुंब तिने हेरून ठेवलेलं असायचं. त्यांच्यासाठी ती भांडायची.

या लोकांना काम असतं, बरं का. नवरा खात्यावर किंवा हमालीला, बायको साड्यांचे धागे कापायला. महिन्याचं भाडं देता येईल एवढं येतं. अडतं ते एका प्रश्नावर. घरमालक विचारतो, "आधी कुठे राहत होता?" आणि यांनी खरं सांगितलं की त्या रूममध्ये अचानक मालकाचा भाचा राहायला येणार असतो. लिंबायतमध्ये घरमालकांना किती भाचे असतात याला गणतीच नाही.

जिजीचं म्हणणं असं की घरमालकाने तीनच प्रश्न विचारावेत. भाडं वेळेवर देशील का? भांडशील का? नळ उघडा ठेवशील का? "चौथा सवाल कोणी विचारला की मी उठस," ती तिच्या अहिराणी वळणात म्हणायची. "आधी कोठे राहत होता, हे कसाले पाहिजे? आता कोठे राहणार, ते तर त्यालाच माहीत शे!" सरकारने याचा कायदा करावा असंही तिला वाटायचं. भाजी निवडताना ती तो कायदा मला पुन्हा पुन्हा सांगायची. मी मान हलवायची. सरकार म्हणून मी फार चांगली होते, सगळं मंजूर करायची.

पण कायदा होईपर्यंत थांबायला तिला वेळ नव्हता. तिने एक गोष्ट हेरली होती. घरमालक माणसं बघतच नाही, तो सामान बघतो. रूमवर राहायला येणाऱ्यांचं सामान गल्लीत लारीवर, म्हणजे हातगाडीवर, आलं की मालक गॅलरीत उभा राहतो. नुसती बोचकी आली की त्याच्या कपाळाला आठी पडते. कपाट आलं की आठी जाते. ज्याच्याकडे कपाट आहे तो रातोरात पळून जाणार नाही, असं त्यांचं गणित असावं. कपाटवाल्याला चौथा प्रश्न कोणी विचारत नाही.

आणि माझ्याकडे कपाट होतं.

माझ्या लग्नात मामाने दिलेलं लोखंडी कपाट. एका दाराला उभा आरसा, आरशाच्या कोपऱ्यात दोन पोपटांचं चिकटवलेलं चित्र. आरशाच्या वर लाल रंगात, आपल्याकडे घालतात तशी अक्षरं घातलेली: 'चि. सौ. कां. इंदू हिस मामाकडून सप्रेम भेट.' मामाने पेंटरला सांगून अक्षरं अशी मोठी काढून घेतली होती की लग्नाच्या मांडवात शेवटच्या रांगेतून वाचता यावीत.

जिजी पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा माझ्याकडे न बघता कपाटाकडे बघत बोलली.

"आरसा फुटेल नही ना?"

"नाही."

"चार दिवस दे. पाठवून देस."

मला 'नाही' म्हणायचं होतं. मनात मी अगदी नीट वाक्य तयार केलं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "चहा घेता?"

हे माझं असंच आहे. बोलायची भीती वाटली की माझ्या तोंडून चहाच येतो. माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला भेटायला आलेल्या माणसांना मी एवढा चहा पाजला की लोक मला मोठी धीराची सून समजले.

चहा उकळेपर्यंत दोन हमाल जिना चढून वर आले. माझ्या साड्या, यांचे शर्ट, पोरांचे स्वेटर पलंगावर ढीग होऊन पडले. मी हातात कपबशी घेऊन बाजूला उभी राहिले, हमालांना जागा मिळावी म्हणून. जिजीने बशीत चहा ओतून घेतला, एक घोट घेतला.

"साखर कमी शे," म्हणाली, आणि कपाटाच्या मागे जिना उतरली.

दुपारी पहिल्या पाळीवरून हे आले. सवयीने शर्ट काढला आणि कपाटाच्या दाराला अडकवायला गेले. दार नव्हतं. शर्ट खाली पडला. यांनी शर्टाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कपाट?"

"बाहेरगावी गेलंय," मी म्हणाले. का म्हणाले ते मला आजवर कळलेलं नाही.

हे कमी बोलतात. त्यांनी शर्ट उचलला, खिळ्याला लावला आणि विचारलं, "कधी येणार म्हणालं?"

कपाट चौथ्या दिवशी परत आलं. मग पुन्हा गेलं. पुन्हा आलं. जिजीने हळूहळू एक वऱ्हाडच तयार केलं होतं. माझं कपाट, कोणाचं तरी पाण्याचं निळं पिंप, स्वतःचा पितळी हंडा, देवाची चौकटीतली तसबीर आणि एक टेबलफॅन. फॅन फिरत नसे. "फिराले नही, दखाडाले शे," जिजी म्हणायची. घरच्या माणसांना लारीपुढे चालवत न्यायचं, सामान मालकाच्या डोळ्यांदेखत चढवायचं, चार दिवस ठेवायचं. तोपर्यंत मालकाला त्यांची सवय होते, बायका बायकांशी बोलायला लागतात, आणि मग दुपारच्या वेळी एकेक वस्तू निघून यायची.

माझं कपाट मी पाहिली नाही एवढी सुरत पाहून आलं.

एक गंमत सांगते. कपाटाला कुलूप असायचं आणि किल्ली माझ्याकडे. पहिल्या खेपेला मला आठवलं की त्या बिचाऱ्यांना कपाट वापरता येणार नाही. किल्ली द्यायला निघाले. त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, तिथे दोन-तीन बाया बसलेल्या होत्या, त्यांनी कुठे निघालात विचारलं असतं, म्हणून परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा परत. शेवटी जिजीलाच दाखवली.

"ठेव तुनापाशी," ती म्हणाली. "उघडलं तर रिकामं दिसी. बंद शे म्हणून भरेल वाटस."

म्हणजे माझ्या भित्रेपणामुळे तिचं काम जास्तच चांगलं होत होतं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

आता त्या लाल अक्षरांचं. जिजीला वाचता येत नव्हतं. तिला वाटायचं ते कपाटाच्या कंपनीचं नाव आहे. पण घरमालकांना वाचता येतं. कपाट वर चढताना ते वाचायचे, आणि घरातल्या बाईला इंदूबाई म्हणायला लागायचे. ती बिचारी दुरुस्त कशाला करेल? मुश्किलीने रूम मिळाली आहे. मालक इंदू म्हणाला तर इंदू. मला हे कळलं ते भाजीच्या लारीवर. भाजीवाला ओरडला, "इंदूबेन, तमारी कोथमीर रही गई!" तीन बायांनी वळून पाहिलं. खरी इंदू मी. मी खाली मान घालून वांगी निवडत राहिले. कोथिंबीर माझी होती. ती दुसऱ्याच इंदूने नेली.

हे जिजीला सांगायला हवं होतं. 'जिजी, त्यावर माझं नाव लिहिलेलं आहे,' एवढंच. मी सांगायला गेले की ती म्हणायची, "काय? बोल ना माय," आणि मी चहा टाकायची.

मग कमलचं प्रकरण झालं.

कमल, तिचा नवरा, दोन मुली. खाडीकाठची त्यांची झोपडी तुटली तेव्हापासून पुलाखाली. रात्रीच्या निवाऱ्यात जागा होती, पण पुरुष एका हॉलमध्ये, बायका-मुली दुसऱ्या. कमल म्हणाली, एकदा वेगळे झोपलो की वेगळेच होऊ, आणि ती गेली नाही. पण मोठी मुलगी, ज्योती, वाढत्या वयाची. पुलाखाली तिला ठेवायची कशी? कमलची नणंद चलथाणच्या साखर कारखान्याकडे ऊसतोडीला आलेली होती. तोड संपली होती, तिची टोळी दुसऱ्या दिवशी गावी परतणार होती. ठरलं असं की रूम मिळाली नाही तर ज्योती आत्याबरोबर जाईल. शाळा सुटेल, पण डोक्यावर छप्पर येईल. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली होती. आपल्याकडे आखाजीला मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. या पोरीला आखाजीला आईपासून लांब पाठवायचं होतं. तिचे कपडे वेगळ्या पिशवीत भरून झाले होते.

जिजीने हिरामणभाऊंची रूम शोधली. हिरामणभाऊ आपल्याच नंदुरबारकडचे. आधी लूमवर कामाला होते, आता त्यांच्या दोन चाळी झाल्या होत्या. गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दात कोरत बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सामानावर नजर ठेवायचे. "फॅमिली पाहिजे, पण घरंदाज," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दुपारच्या सुमारास जिजी आमच्या उंबऱ्यात आली. या वेळी ती मधूनच बोलायला लागली नाही. नुसती उभी राहिली.

"कंपनीचं नाव नही ते," ती म्हणाली.

मी चहाचं भांडं खाली काढलं.

झालं होतं असं, की लारी चाळीखाली थांबली, हिरामणभाऊंनी वरून कपाट पाहिलं आणि उठून उभे राहिले. "हे कपाट मी ओळखतो," म्हणाले. "ही पोपटांची जोडी, ही इंदू. ही इंदू तर माझ्या मागच्या चाळीत राहते! आता ही दुसरी इंदू कोण? का हिच्या मामाने दोन भाच्यांना एकच कपाट दिलं?" गल्ली हसली. जिजीला पहिल्यांदा उत्तर सुचलं नाही. हिरामणभाऊ म्हणाले, खरी इंदू समोर आणा, नाहीतर लारी फिरवा.

"तू वाचेल होतीस?" जिजीने मला विचारलं.

मी मान हलवली.

"मग सांगलं का नही माय?"

मी चहाच्या भांड्याकडे पाहिलं. तिने माझा हात धरला. "चहा नको. चाल."

रस्ताभर मी वाक्य पाठ केलं. 'मी इंदू. कपाट माझं आहे. या बाईला मी ओळखते. चांगली माणसं आहेत.' शेवटची दोन वाक्यं खोटी होती, कारण कमलला मी अजून पाहिलंही नव्हतं. पण चार वाक्यं होती आणि मी शाळेत कविता पाठ करायची तशी ती पाठ केली.

चाळीखाली लारी उभी होती. माझं कपाट उन्हात तापलं होतं. त्याच्या सावलीत कमल बसली होती, धाकटी मांडीवर. ज्योती आरशात बघत वेणी घालत होती, तिची पिशवी पायाशी. आईने सांगितलं असेल, मालकासमोर नीट दिस. माझ्याकडे तिने आरशातूनच पाहिलं. आपल्याला कोण वाचवायला आलंय ते बघत असावी. मला पाहून तिची फारशी खात्री पटली नाही, हे मला दिसलं.

आम्ही जिना चढलो. हिरामणभाऊ खुर्चीत होते. आजूबाजूच्या खोल्यांची दारं उघडी, दारांत बाया.

"या खऱ्या इंदूबाई का?" त्यांनी विचारलं. "बोला. कपाट तुमचं?"

मी तोंड उघडलं. चारही वाक्यं समोर होती. मी म्हणाले, "चहा घेता?"

त्यांच्याच घरात.

 मग दारातल्या बाया अशा हसल्या की खाली लारीवाल्याने वर पाहिलं. आतून हिरामणभाऊंच्या मंडळींचं हसू ऐकू आलं. "थांबा, मीच टाकते," त्या आतून म्हणाल्या. "पाहुणी बाई विचारतेय आणि तुम्ही बसायलाही सांगितलं नाही."

माझे कान तापले होते. पण त्या हसण्याने जिजीला जीभ परत मिळाली. ती सरळ हिरामणभाऊंसमोर जमिनीवर बसली.

"हिरामण, मागच्या चाळीतली इंदू भाडं देस का?"

"देते."

"टायमावर?"

"हो. पण..."

"भांडस?"

"नाही."

"नळ?"

हिरामणभाऊंनी काडी तोंडातून काढली. "नळ बंद ठेवते. सगळ्या चाळीत तीच एक ठेवते."

"ती पुलाखालनी शे," जिजी म्हणाली. "तिनं नाव सुनंदा शे. कपाट चौथ्या रोजी मी लई गई. तुले कळलं तरी का?"

हिरामणभाऊ खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे तू मला फसवलं, जिजी."

"फसाडं. तू माणसाले काही विचारलंच नही. कपाटाकडे पाहिलंस. मग कपाटानंच सांगलं तुले. माणसाले विचारशील तर माणूस सांगी." तिने खाली हात दाखवला. "ती बठेल शे. विचार तिले तीन सवाल. चौथा विचारशील तर मी उठस, आणि उद्यापासून या चाळीत डबा बंद."

हा धाक मोठा होता. हिरामणभाऊंच्या चाळीत एकटे राहणारे पुरुष बरेच होते. पण ते काही बोलणार तेवढ्यात आतून त्यांच्या मंडळी बाहेर आल्या, हातात कपांचं ताट.

"आपण गावाहून आलो तेव्हा काय होतं हो आपल्याकडे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"पेटी होती. पत्र्याची, चांगली मोठी."

"ती तुमच्या भावाची. आठवड्याने तो घेऊन गेला."

"तू आत जा."

"जाते. चहा घ्या आधी." त्यांनी पहिला कप मला दिला. "घ्या, इंदूबाई. तुम्हीच विचारलं होतं ना?"

सगळी चाळ पुन्हा हसली. हिरामणभाऊही हसले, पण ते हसू दाताशी आणून त्यांनी परत नेलं. मग कमलला वर बोलावलं. तीन प्रश्न विचारले. चौथा त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला. जिजीने जमिनीला एक हात टेकवला, उठायला लागते तसा. त्यांनी चौथा प्रश्न चहाबरोबर गिळला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण कपाट इथेच राहील. चार दिवसांनी नाही जायचं. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की कपाट असल्याशिवाय मी रूम देत नाही. माझी काही इज्जत आहे का नाही?" आणि माझ्याकडे वळले. "काय इंदूबाई? वर्षभर राहू द्याल?"

जिजीने माझ्याकडे पाहिलं. कपाट मामाचं होतं, माझ्या लग्नातलं एकच मोठं. घरी यांचे शर्ट खिळ्याला लटकत होते. मी खाली पाहिलं. ज्योती जिन्याच्या पहिल्या पायरीवर पिशवी घेऊन उभी होती, वर यायचं का चलथाणला जायचं ते कळायची वाट बघत.

"हो," मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मला जे म्हणायचं होतं तेच माझ्या तोंडून निघालं. पण कोणाला कळलं नाही, कारण एरवीही माझ्या तोंडून तेच निघतं. मी किल्लीही काढून कमलला दिली. त्यानंतर वर्षभर हे शर्ट काढून हवेत धरायचे, मग आठवायचं.

ज्योती आत्याबरोबर गेली नाही. एवढंच व्हायला हवं होतं.

कमलने पुढे स्वतःचं कपाट घेतलं आणि माझं परत पाठवलं. आत किल्ली, एक नवा रुमाल आणि आखाजीच्या सांजोऱ्या होत्या. तिचा नवरा कामरेजला एका छोट्या कारखान्यात लागला आणि ते तिकडे गेले.

मग जिजीची पाळी आली. तिच्या चाळीच्या मालकाने जागा विकली. नवीन मालक चाळ पाडणार होता. जिजीने आयुष्यभर लोकांसाठी रूम शोधल्या, तिला वाटलं स्वतःसाठी काय, दुपारपर्यंत मिळेल. मिळाली नाही. भाडं, भांडण, नळ, सगळं व्यवस्थित. मग प्रत्येक जण विचारायचा, "मावशी, एकट्याच का? उद्या आजारी पडलात तर?"

"चौथा सवाल," ती म्हणायची आणि उठायची. पण उठायला आता तिला दोन्ही हात टेकावे लागायचे. आमच्या उंबऱ्यात येऊन ती हसत सांगायची, "माले तर कोणाचा भाचाबी आडवा येत नही. सरळ मरणावर जातस."

शेवटी कमलने कामरेजला आपल्या शेजारची रूम पाहिली. पण तिथल्या मालकालाही सामान लागायचंच. जिजीचं सामान म्हणजे दोन पोती, मोठी पातेली आणि न फिरणारा फॅन.

या वेळी मी तिची वाट पाहिली नाही. सकाळीच साड्या आणि शर्ट पलंगावर काढून ठेवले आणि कोपऱ्यावरच्या हमालांना बोलावून आणलं. हाक मारता आली नाही; त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, त्यांनी विचारेपर्यंत. जिजी आली तेव्हा कपाट जिन्यात होतं.

"हे कोठे चालनं?" ती म्हणाली.

"तुमच्याबरोबर."

"चार दिवस ना?"

मी किल्ली तिच्या हातात ठेवली. तिला कळलं. तिने कपाटाच्या दारावरून, त्या लाल अक्षरांवरून हात फिरवला. "इंदू कोठे लिहेल शे?" मी बोट ठेवून दाखवलं. तिने तिथे अंगठा टेकवून पाहिला.

आता ती गेल्यावर कामरेजच्या मालकाने फोनवर यांना विचारलं, इंदूबाईंचं कपाट कधी नेता? यांनी फोन माझ्याकडे दिला. मी विचारलं, "रूम कोणाला देताय?" ते म्हणाले, बघू, एक फॅमिली आलीय, पण सामान काही नाही त्यांच्याकडे. मी म्हणाले, "मग कपाट राहू द्या. त्यांचंच आहे." ते म्हणाले, इंदूबाईंचं आहे ना? मी म्हणाले, हो, त्याच येतायत.

माझ्या डोळ्यांपुढे जिजी येते ती कामरेजला निघालेल्या टेम्पोत. ड्रायव्हरशेजारी बसायला ती तयार नव्हती. मागे, सामानात, पालथ्या पातेल्यावर बसली, एक हात कपाटाला लावून. चहा न घेताच निघाली होती, म्हणून मी कप घेऊन खाली धावले होते. टेम्पो हलला. कपाटाचा आरसा गल्लीकडे होता. त्यात मी दिसत होते, कप घेऊन उभी, आणि लहान लहान होत चाललेली. "हळू चालव रे," जिजी ड्रायव्हरवर ओरडली, "इंदूबाई पडी!"

आरशातली, कपाटावरची, का पातेल्यावर बसलेली, कुठली ते मला कळलं नाही. मी हात हलवला. कप त्याच हातात होता.